बीपीची गोळी, बारा तासांची शिफ्ट आणि कोरडा खोकला : 'प्रिल' औषधं नेमकं काय करतात?

पहाटे साडेपाच-सहाची वेळ. राजगुरुनगरमधून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावर कंपन्यांच्या बस लागायला लागतात. खांद्याला सॅक, त्यात डबा, गळ्यात आयकार्ड. कुणी चाकणला उतरणार, कुणी म्हाळुंगेला, कुणी खराबवाडीला, कुणी थेट भोसरीला. या गर्दीत चाळिशीचा एक माणूस आहे असं समजा. गेल्या महिन्यात कंपनीत तपासणी झाली, बीपी १५८/९८ आलं. डॉक्टरने रोज एक गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांत कोरडा खोकला सुरू झाला. मित्र म्हणाला, "बीपीची गोळी एकदा सुरू केली की सुटत नाही, वर किडनी जाते." व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच आलं. त्याने गोळी बंद केली. खोकला थांबला आणि तो खूश झाला. बीपी मात्र तिथेच राहिलं, कारण ते दुखत नाही.

हा माणूस काल्पनिक आहे. पण त्याच्यासारखा एखादा माणूस तुमच्या घरात, नाहीतर तुमच्या बसमध्ये नक्की सापडेल. त्याने बंद केलेल्या गोळीच्या नावाचा शेवट बहुतेक 'प्रिल'ने होत असणार. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. या सगळ्या गोळ्यांना मिळून एसीई इनहिबिटर म्हणतात.

या गोळ्या काय करतात, खोकला का येतो, किडनीचं खरं काय आणि चाकणच्या पट्ट्यातल्या कामगाराला हे सगळं आत्ताच माहीत असणं का गरजेचं आहे, ते एकेक करून बघू.

आत्ताच हा विषय का?

दोन बातम्यांमुळे.

पहिली बातमी ३ सप्टेंबर २०२५ ची. राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तास करायचं ठरलं. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असंही सरकारने सांगितलं.

दुसरी बातमी २१ नोव्हेंबर २०२५ ची. केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातली एक तरतूद चर्चेत फारशी आली नाही. चाळीस वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची आहे.

आता दोन्ही बातम्या एकत्र वाचा. एकीकडे कामाचे तास वाढण्याची वाट मोकळी होते, दुसरीकडे तपासणी वाढणार. तास वाढले की काय होतं, याचा एक मोठा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मे २०२१ मध्ये मांडला होता. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के जास्त, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे येत्या काळात औद्योगिक पट्ट्यात हजारो लोकांच्या हातात बीपीचा आकडा लिहिलेला कागद पडणार. त्यातल्या अनेकांना पहिल्यांदाच कळेल की आपल्याला बीपी आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कागद हातात आला, मग काय?

आपल्याकडे बीपीचं चित्र काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावर पहिला जागतिक अहवाल काढला. त्यानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातल्या अंदाजे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. सोपं करून सांगायचं तर अशी १०० माणसं घ्या. त्यातल्या ३७ जणांनाच आपल्याला बीपी आहे हे माहीत आहे. ३० जण उपचार घेतात. आणि बीपी खरोखर आटोक्यात आहे ते फक्त १५ जण.

हे आकडे नीट बघा. तपासणी वाढली तर ३७ चा आकडा वाढेल. पण गोळी घेणाऱ्या ३० जणांपैकी १५ जणांचं बीपी तरीही वर आहे. तिथे नुसती तपासणी काही करू शकत नाही. तिथे गोळी योग्य आहे का, रोज घेतली जाते का, त्रास झाला तर बदलून मिळते का, हे प्रश्न येतात.

ही गोळी शरीरात करते काय?

शेतातली मोटार आणि पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. मोटार म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. पाइपमधला दाब दोन गोष्टींनी वाढतो. पाइप आवळला तर, किंवा आतलं पाणी वाढलं तर.

आपल्या शरीरात हे दोन्ही करणारी एक यंत्रणा आहे. रक्तदाब कमी झाला किंवा शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी रेनिन नावाचा पदार्थ सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन-१ तयार होतं. हे स्वतः फारसं काही करत नाही. मग एसीई नावाचं विकर त्याचं रूपांतर अँजिओटेन्सिन-२ मध्ये करतं. हा खरा दमदार गडी. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो. दाब वाढतो.

जखम झाली, रक्त गेलं, उन्हात पाणी मिळालं नाही, अशा वेळी ही यंत्रणा जीव वाचवते. पण बीपीच्या रुग्णात दाब आधीच वाढलेला असतो आणि ही यंत्रणा त्यात भर घालत राहते.

प्रिल गोळी त्या एसीई विकराला अडवते. अँजिओटेन्सिन-२ कमी बनतं, रक्तवाहिन्या सैल होतात, जास्तीचं मीठ-पाणी बाहेर जातं आणि हृदयावरचा भार उतरतो.

दुसरं एक घराणं आहे, 'सार्टन'चं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. ही औषधं अँजिओटेन्सिन-२ बनू देतात, पण ते जिथे जाऊन चिकटतं ती जागाच अडवून ठेवतात. काम जवळपास तेच, फक्त अडवण्याची जागा वेगळी. हा फरक लक्षात ठेवा, खोकल्याचं उत्तर यातच आहे.

सापाच्या विषातून आलेली गोळी

या औषधाची सुरुवात एका सापापासून झाली.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. आपल्याकडच्या घोणस आणि फुरशाच्या कुळातला. तो चावला की माणसाचा रक्तदाब झपाट्याने खाली येतो. ब्राझीलचे शास्त्रज्ञ मॉरिसिओ रोचा ए सिल्वा आणि त्यांचे सहकारी या विषाचा अभ्यास करत होते. त्यातूनच १९४० च्या दशकाच्या शेवटी ब्रॅडिकायनिन या पदार्थाचा शोध लागला. हा पदार्थ रक्तवाहिन्या सैल करतो. पुढे १९६५ मध्ये त्यांचेच विद्यार्थी सर्जिओ फेरेरा यांनी दाखवलं की विषातला एक घटक ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवतो. फेरेरा हा अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे कळलं की हाच घटक एसीईलाही अडवतो.

विष काही गोळी म्हणून देता येत नाही. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीतल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ऑन्डेटी यांनी त्या घटकाचा अभ्यास करून प्रयोगशाळेत त्याच कामाचा छोटा रेणू बनवला. त्याचं नाव कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. नंतर एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल अशी रांगच लागली. त्यामुळे कुणी विचारलं की गोळीत सापाचं विष असतं का, तर नाही. विषाकडून फक्त युक्ती घेतली, गोळी कारखान्यात बनते.

'माझं बीपी तर नॉर्मल आहे, मग ही गोळी का?'

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या अनेकांना हा प्रश्न पडतो. बीपी १२० असतं, तरी कागदावर रामिप्रिल असतं.

कारण ही गोळी फक्त बीपीची नाही. अटॅकनंतर हृदयाचा काही भाग कमजोर होतो. उरलेल्या भागावर ताण येतो, हृदय हळूहळू फुगत जातं आणि पंपिंग कमी होतं. पायाला सूज, जिना चढताना दम, रात्री उशाला दोन उशा लागणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी हीच आवळणारी यंत्रणा जोरात सुरू होते आणि कमजोर हृदयावर अजून भार टाकते. प्रिल गोळी हे चक्र तोडते.

याचे पुरावे जुने आणि भक्कम आहेत. १९८७ मध्ये कन्सेन्सस नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. हृदय गंभीररीत्या निकामी होत चाललेले २५३ रुग्ण त्यात होते. सहा महिन्यांत साध्या गोळीच्या गटातले ४४ टक्के रुग्ण दगावले, एनालाप्रिलच्या गटातले २६ टक्के. २००० साली होप चाचणी आली. त्यात हृदयविकाराचा धोका जास्त असलेले ९ हजारांहून अधिक लोक होते. रामिप्रिल घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण २२ टक्क्यांनी कमी दिसलं.

त्यामुळे "बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला" म्हणून ती परस्पर बंद करणं अटॅकच्या रुग्णाला महागात पडू शकतं. आणि ज्याला फक्त बीपी आहे, त्याचं बीपी नॉर्मल आलंय ते त्या गोळीमुळेच. गोळीची 'सवय' लागत नाही. आजार तिथेच असतो आणि गोळी त्याला दाबून धरते, एवढंच.

तो खोकला

आता आपल्या बसमधल्या माणसाकडे येऊ.

एसीई विकराची दोन कामं आहेत. एक, अँजिओटेन्सिन-२ बनवणं. दुसरं, ब्रॅडिकायनिन मोडणं. गोळीने विकर अडवलं की ब्रॅडिकायनिन साचतं. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, हा फायदा. पण तेच ब्रॅडिकायनिन घशात-श्वासनलिकेत खवखव करतं, आणि कोरडा, कफ नसलेला, रात्री जास्त सतावणारा खोकला सुरू होतो. कधी काही दिवसांत, कधी काही महिन्यांनी.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात या खोकल्याचं निदान चुकायला भरपूर वाव आहे. धूळ, वेल्डिंगचा धूर, पेंट शॉप, रस्त्यावरचं ट्रॅफिक. खोकला आला की आधी संशय धुळीवर जातो. मग खोकल्याचं औषध, मग अँटिबायोटिक, मग छातीचा एक्स-रे. महिनोन् महिने हे चालतं आणि नवीन सुरू केलेल्या बीपीच्या गोळीबद्दल कुणी विचारतच नाही. दुसऱ्या बाजूला, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायलाच हवी. सगळा दोष गोळीवर टाकूनही चालत नाही.

मग करायचं काय? डॉक्टरला सांगायचं, "ही गोळी सुरू केल्यापासून खोकला आहे." बहुतेक वेळा डॉक्टर प्रिल काढून सार्टन देतात. सार्टन एसीईला हात लावत नाही, त्यामुळे ब्रॅडिकायनिन तसं साचत नाही. जुना खोकला जायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. एवढा साधा उपाय असताना लोक उपचारच सोडून देतात, हे खरं नुकसान.

खोकला त्रासदायक आहे, धोकादायक नाही. धोकादायक आहे ती सूज. ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा अचानक सुजला, गिळायला-श्वास घ्यायला त्रास झाला, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि लगेच रुग्णालय गाठायचं. १०८ ला फोन करायचा. हे क्वचित होतं, पण गोळी महिनोन् महिने नीट चालल्यावरही होऊ शकतं. असं एकदा झालं असेल तर आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरला ते सांगायचं.

किडनीचं खरं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवरचा दावा : बीपीच्या गोळीने किडनी खराब होते.

या दाव्यात एक खरा धागा आहे, म्हणून तो टिकतो. आधी दुसरी बाजू बघू. किडनी खराब होण्याच्या मोठ्या कारणांमध्ये मधुमेह आणि स्वतः उच्च रक्तदाबच आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मधुमेहामुळे किडनीवर परिणाम झालेल्या रुग्णांमध्ये कॅप्टोप्रिलने किडनी बिघडण्याचा वेग कमी केला. किडनीच्या गाळणीतला दाब ही गोळी उतरवते. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मधुमेही रुग्णाला डॉक्टर मुद्दाम याच घराण्यातलं औषध देतात, ते म्हणूनच.

आता खरा धागा. गाळणीतला दाब उतरला की सुरुवातीला रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. पोटॅशियमही वाढू शकतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करायची असते. चिठ्ठी मिळते, गोळी मिळते, ही तपासणी मात्र अनेकदा राहून जाते.

आणि कारखान्यातल्या कामगारासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तीन गोष्टी एकत्र आल्या की किडनीवर संकट येतं : प्रिल किंवा सार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी.

कसं ते बघा. किडनीच्या गाळणीत रक्त आत येतं आणि बाहेर जातं. प्रिलने बाहेर जाणारी वाट सैल होते. दुखण्याच्या गोळीने आत येणारी वाट आवळते. लघवीच्या गोळीने एकूण पाणीच कमी होतं. आत येणं कमी, दाब कमी, गाळण बंद पडायची वेळ.

आता लाइनवर आठ-दहा तास उभं राहणारा माणूस. कंबर दुखते, गुडघा दुखतो. मेडिकलमधून 'दुखण्याची एक पट्टी' घेतो. मे महिन्याची गर्मी, शॉपमध्ये घाम, पाणी कमी प्यायलं जातं. बीपीच्या अनेक गोळ्यांत लघवीचं औषध आधीच मिसळलेलं असतं, नावापुढे 'एच' लागलेलं असतं. म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच खिशात आल्या आणि त्याला पत्ताही नाही. अशा किडनीला इजा झाली तर नाव बीपीच्या गोळीचं होतं. दुखण्याची गोळी नामानिराळी राहते.

त्यामुळे बीपीची गोळी चालू असताना दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, ताप येऊन खाणंपिणं बंद झालं, तर डॉक्टरला फोन करून विचारा की एक-दोन दिवस गोळी थांबवायची का. आणि बरं वाटलं की ती परत सुरू करायची, हे विसरू नका.

एक गोष्ट मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. लोणचं, पापड, फरसाण आणि कॅन्टीनची भाजी धरून हा आकडा कधी ओलांडला जातो ते कळतही नाही. म्हणून काही जण 'लो सोडियम' मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. बऱ्याच लोकांना ते चांगलं, पण प्रिल-सार्टन घेणाऱ्याने आणि किडनीचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारूनच वापरावं. रोज दोन-तीन शहाळी पिण्याची सवय असेल तर तेही सांगावं.

गरोदरपणात ही गोळी नको

चाकणच्या कारखान्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने काम करतात, त्यामुळे हे वेगळं सांगायला हवं. प्रिल आणि सार्टन दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत. बाळाच्या किडनीला आणि वाढीला धोका असतो, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधीच डॉक्टरला सांगून गोळी बदलून घ्यावी. दिवस गेल्याचं कळलं तर त्याच दिवशी सांगावं. गरोदरपणात चालणारी बीपीची वेगळी औषधं आहेत.

दोन डॉक्टर, दोन नावं, एकच काम

औद्योगिक पट्ट्यात एक खास अडचण आहे. कामगाराचे डॉक्टर एकापेक्षा जास्त असतात. कंपनीचा डॉक्टर, ईएसआयचा दवाखाना, घराजवळचा खासगी डॉक्टर, गावी गेल्यावर तिकडचा. एकाने एनालाप्रिल लिहिलं, दुसऱ्याने टेल्मिसार्टन. दोन्ही पट्ट्यांवर कंपनीची वेगळी नावं. माणूस प्रामाणिकपणे दोन्ही घेतो.

दोन्ही एकत्र घेतली तर दुप्पट फायदा होतो का? याची मोठी चाचणी झाली आहे. ऑनटार्गेट नावाच्या या चाचणीत २५ हजारांहून जास्त रुग्ण होते आणि २००८ मध्ये तिचे निकाल आले. टेल्मिसार्टन रामिप्रिलच्या तोडीचं ठरलं. पण दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना जादा फायदा झाला नाही. उलट बीपी फार खाली जाणं, चक्कर आणि किडनीचे त्रास वाढले.

म्हणून एक सोपी सवय लावा. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. एका पट्टीवर 'प्रिल' आणि दुसरीवर 'सार्टन' दिसलं, तर दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरकडे जा. हृदय कमजोर असलेल्यांना हल्ली सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन हे जोड औषध दिलं जातं. ते आणि प्रिल यांच्यात किमान ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर सुजेचा धोका वाढतो.

शिफ्ट बदलते, गोळी कधी घ्यायची?

फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. दर आठवड्याला झोपेची वेळ बदलते. "सकाळी नाश्त्यानंतर" असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण नाइटवाल्याची सकाळ कोणती?

इथे चांगली बातमी आहे. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या टाइम नावाच्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. बीपीची गोळी सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूच्या बाबतीत फरक दिसला नाही. म्हणजे वेळ तुमच्या सोयीची ठरवा, पण ती पाळा. शिफ्टवाल्याने गोळी जेवणाला न बांधता घड्याळाला बांधावी. अशी वेळ निवडा की तिन्ही शिफ्टमध्ये तुम्ही त्या वेळी जागे असता. मोबाइलवर अलार्म लावा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

सुरुवातीच्या दिवसांत उठल्यावर चक्कर येऊ शकते. उंचावर किंवा मशीनवर काम असेल तर पहिल्या काही दिवसांत हे सुपरवायझरला आणि डॉक्टरला सांगून ठेवलेलं बरं.

आणि कंपनीतल्या तपासणीबद्दल एक. रांगेत उभं राहून, तंबाखू मळून, चहा पिऊन, घाईघाईत मोजलेलं बीपी जास्त येऊ शकतं. पाच मिनिटं शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून, अर्धा तास आधी चहा-तंबाखू टाळून मोजायला हवं. एका आकड्यावर आजार ठरत नाही. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं, तर मात्र दुर्लक्ष नको.

पैसे कोण देतं?

एनालाप्रिल, रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन ही तिन्ही नावं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. जनऔषधी केंद्रात ती ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत सगळी ठिकाणं त्यात येतात. राजगुरुनगरकरांसाठी चांडोलीचं ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीचं वायसीएम मात्र महापालिकेचं असल्याने या निर्णयात येत नाही. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआय आहे. त्यासाठी पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात रोजची गोळीही मिळते.

मग अडतं कुठे? ओपीडीची वेळ आणि ड्युटीची वेळ बहुतेकदा एकच असते. महिन्याला एक गोळीची पट्टी आणायला अर्धा दिवस मोडतो. कंत्राटी कामगाराचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी हजेरी. 'फुकट' गोळीची खरी किंमत ती आहे.

दुसरीकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. अटॅक आला तर पैसे मिळतील, अटॅक टाळणाऱ्या रोजच्या गोळीला या योजनेतून काही नाही. आपली व्यवस्था अजून शेवटच्या टोकाला जास्त खर्च करते.

तिसरी अडचण विश्वासाची. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांच्या यादीत पन्नासहून जास्त नमुने नापास झाले, त्यात टेल्मिसार्टनही होतं. काही कंपन्यांनी ते नमुने आपले नसून बनावट असल्याचं सांगितलं. अशा बातमीनंतर लोक सगळ्याच स्वस्त औषधांवर संशय घेतात. आपल्या हातात एवढं आहे : बिल घ्या, बॅच नंबर बघा, आणि गोळी घेऊनही बीपी उतरत नसेल तर ते नोंदवून डॉक्टरला दाखवा.

चौथी अडचण कुणी उघड बोलत नाही. 'अनफिट' ठरण्याची भीती. तपासणीत बीपी निघालं तर कंत्राट पुढे वाढेल का? या भीतीपोटी लोक आजार लपवतात. नव्या तपासणीचा उपयोग व्हायचा असेल तर तिचा निकाल कामगाराला उपचाराकडे नेणारा हवा, गेटबाहेर नेणारा नको. रोज गोळी घेणारा, बीपी आटोक्यात असलेला कामगार त्याच्या न तपासलेल्या सहकाऱ्यापेक्षा सुरक्षित आहे, हे एचआरलाही सांगावं लागेल.

हे जमतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातले होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा.

त्यात काही चमत्कार नव्हता. सगळीकडे एकच ठरलेली औषधं आणि ठरलेले डोस. सुरुवात बहुधा अ‍ॅम्लोडिपिनने, मग गरजेप्रमाणे टेल्मिसार्टन. एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या. घराजवळच्या उपकेंद्रातच बीपी मोजणं आणि गोळी देणं. जो आला नाही त्याला फोन करणं. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचं बीपी आटोक्यात होतं. देशाचं चित्र १०० पैकी १५ चं आहे, हे लक्षात घेतलं तर फरक कळतो. अर्थात दोन्ही आकडे एकाच मापाचे नाहीत. एक सगळ्या रुग्णांचा आहे, दुसरा नोंदणी होऊन उपचार घेणाऱ्यांचा. तरीही दिशा स्पष्ट आहे.

हेच चाकणच्या पट्ट्यात करायला काय लागेल? शिफ्ट सुटल्यावर उघडी असणारी ओपीडी. कंपनीच्या दवाखान्यातच महिन्याची पट्टी. ईएसआय, कंपनी आणि सरकारी दवाखाना यांच्यात एकच नोंद, म्हणजे प्रिल आणि सार्टन एकाच खिशात जाणार नाहीत. आणि गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी एक रक्ततपासणी आणि एक प्रश्न : "खोकला येतोय का?"

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

– गोळी परस्पर बंद करू नका. त्रास झाला तर बदलून मागा.
– कोरडा खोकला आला तर डॉक्टरला सांगा. ओठ-जीभ सुजली तर थेट रुग्णालय.
– सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासा.
– दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको.
– प्रिल आणि सार्टन एकत्र नको.
– गरोदरपणात दोन्ही नको.
– वेळ कोणतीही, पण रोज तीच.

बसमधल्या त्या माणसाला यातलं एक वाक्य जरी वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर त्याने गोळी बंद न करता बदलून घेतली असती. पुढच्या तपासणीत त्याचा आकडा पुन्हा कागदावर येईल. तोपर्यंत वर्ष गेलेलं असेल. तुमच्या बसमध्ये असा कुणी असेल, तर आज त्याला एवढंच विचारा, "गोळी घेतोस ना?"